पालथा नान आणि शिकाऊ कॅमेरा

उझबेकिस्तानातल्या कोकंदच्या त्या गल्लीत सनोबर ओपांनी, म्हणजे सगळ्यांच्या ताईंनी, जिथे सांगितलं नव्हतं असं एकच घर उरलं होतं, आणि तेही घरचे लोक कुलूप लावून लेकीकडे गेले होते म्हणून! बाकी सगळ्यांना ठाऊक झालं होतं की कोबिलजानच्या नानच्या कारखान्यात नवं यंत्र आलंय. एका टोकाने पीठ आत जातं, दुसऱ्या टोकाने पिशवीत बांधलेला गरम नान बाहेर येतो, आणि मध्ये कोणी माणूस लागतच नाही.

या यंत्राची प्रमुख कोण होणार, हे मात्र ओपा आपण होऊन सांगत नसत. समोरच्याने विचारेपर्यंत वाट बघत. समोरचा विचारत नसला, तर चहाची दुसरी पियाली घेत, मग तिसरी घेत, आणि तरीही त्याला सुचलं नाही तर त्याच्या बुद्धीची कीव करत उठून जात.

तशा त्या पोकळ बढाया मारणाऱ्या नव्हत्या. जुन्या सरकारी नान-कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये त्यांनी उभा जन्म काढला होता. तेव्हा भिंतभर गोल तबकड्या असायच्या, प्रत्येकीत एक काटा, आणि कागदाच्या गुंडाळीवर शाईची रेघ ओढत बसलेली एक लेखणी. भट्टी तापली की रेघ वर, निवली की खाली. तिथल्या मुली त्या रेघांवर लक्ष ठेवता ठेवता स्वेटर विणायच्या, आणि लेखणीची शाई संपली तर एकमेकींच्या पापणीची काजळपेन्सिल फिरवून पाळी निभावून न्यायच्या. काय दिवस होते ते! मग कारखाना बंद पडला, तबकड्या भंगारात गेल्या, आणि ओपा घरी गेल्या.

घरी सून होती, नफीसा. सोन्यासारखी सून. इतकी सोन्यासारखी, की सासूला चमचा उचलू देत नसे. ओपांनी कांदा चिरायला घेतला की ती तो हातातून अलगद काढून घेई, पाठीला उशी लावी आणि म्हणे, "ओयीजान, तुम्ही फक्त बसा." ओपा बसत. सकाळी बसत, दुपारी बसत. अंगणातल्या जर्दाळूच्या झाडाची पानं मोजून झाली, फांद्या मोजून झाल्या. म्हणून भाच्याने, म्हणजे कोबिलजानने, नवा कारखाना काढला तेव्हा बोलावण्याची वाट न बघता ओपा चपला घालून तिथे हजर झाल्या होत्या.

आता कोबिलने त्यांना स्वच्छ सांगून ठेवलं होतं. यंत्र विकणाऱ्या कंपनीच्या माणसासमोर एक अख्खी पाळी यंत्र न थांबता चाललं पाहिजे. चाललं, तर आत्या प्रमुख. नाही चाललं, तर ताश्कंदहून एक तरणा इंजिनिअर आणायचा आणि आत्यांनी घरी आराम करायचा. आराम म्हटलं की ओपांना ती उशी दिसे.

यंत्र होतंही देखणं. रेल्वेच्या डब्यासारखी लांबलचक भट्टी, तिच्यापुढे सरकता पट्टा. भट्टीतून नान बाहेर पडला की एक लोखंडी पंजा त्याला हळूच पालथा करी, म्हणजे बुडाची वाफ निघून जाते. वर टांगलेला कॅमेरा जाणाऱ्या प्रत्येक बुडाचा रंग बघे. बूड काळपट दिसलं तर भट्टी थोडी थंड करायची, पांढुरकं दिसलं तर तापवायची. हे सारं कॉम्प्युटर आपलं आपण ठरवणार. ज्या दूरदेशी हे यंत्र घडलं, तिथल्या लोकांना पाव उताणा पडला काय आणि पालथा पडला काय, सारखंच असावं.

पण कोकंदमध्ये नान पालथा ठेवत नाहीत. का, ते विचारू नये. आईने ठेवला नाही, आजीने ठेवला नाही. पालथा नान दिसला की हात जातो, तो नान उताणा करतो आणि माणूस आपल्या कामाला निघून जातो. डोळ्यात कचरा गेला की पापणी मिटते ना, तसं. डोक्याला खबरही नसते.

पहिल्या दिवशी फाटकावरचे रखवालदार एर्गाश आका यांनी विचारलंच होतं, हे बिचारे सगळे पालथे का म्हणून. ओपांनी सगळ्यांना उभं करून वाफ, बूड आणि प्रगती यांवर एक व्याख्यान दिलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. विज्ञान आहे म्हटल्यावर काय बोलणार? फक्त एवढंच झालं, की व्याख्यान डोक्यांनी ऐकलं. हातांना कोणी बोलावलंच नव्हतं. आणि पट्टा होता नेमका कपडे बदलायच्या खोलीपासून चहाच्या खोलीपर्यंतच्या वाटेला लागून.

तेव्हा यंत्र पहिल्यांदा बिघडलं ते चहाच्या वेळी, यात काही नवल नव्हतं. नवल एवढंच की ते कोणाच्या लक्षात आलं नाही. येणाराजाणारा वाटेतला एखादा नान उताणा करी. त्याचा तुकतुकीत, तीळ लावलेला बदामी चेहरा कॅमेऱ्याला दिसे. कॅमेरा म्हणे, अरे बापरे, बूड करपलं! लगेच भट्टी थंड. मग येत ते नान आजारातून उठल्यासारखे फिकट. ते बघून कॉम्प्युटर घाबरून भट्टी तापवी. तोवर मंडळी चहा पिऊन परत येत, आणखी चार नान उताणे होत, की पुन्हा थंड! भट्टीला हिवताप झाल्यासारखं झालं. घटकेत हुडहुडी, घटकेत फणफण. शेवटी लाल दिवा लागे आणि यंत्र मुकाट उभं राही.

ओपांनी जुन्या अनुभवाने विचार केला. बिघाड चहाच्या वेळी होतो. चहाच्या वेळी विजेच्या किटल्या लागतात. किटल्या वीज ओढतात. संपलं! त्यांनी कारखान्यातली प्रत्येक किटली जप्त करून कपाटात कोंडली आणि किल्ली गळ्यात अडकवली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. चहाशिवाय कोकंदचा माणूस काम करील, हे कुठल्याही यंत्राला शिकवता यायचं नाही. मंडळी फाटकाबाहेरच्या चायखान्यात जाऊ लागली. चायखान्याची वाट पट्ट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत होती, जाताना आणि येतानाही. आधी यंत्र चहाच्या वेळी थांबत होतं. आता ते दिवसभर थांबायला लागलं.

झाडलोट करणाऱ्या हमरो खालांचं निदान वेगळं होतं. त्या म्हणाल्या, "गल्लीभर सांगत सुटलात, ओपा. नजर लागणार नाही तर काय होणार?" आणि ओपा जेवायला बसल्या असताना खालांनी तव्यावर नजर उतरवायच्या इसिरिक झुडपाच्या वाळक्या काड्या पेटवून कॅमेऱ्याभोवती चांगली घसघशीत धुरी फिरवली. कॅमेऱ्याला सगळं जगच काळं दिसलं. सगळं करपलं म्हटल्यावर त्याने भट्टी पार विझवून टाकली. आगीची घंटा वाजली ती निराळीच. ओपा घास टाकून धावत आल्या. अडाणीपणाला काही सीमा असते, असं त्यांनी सगळ्यांसमोर खालांना सुनावलं. मग सगळे पांगल्यावर इकडेतिकडे बघून हळूच म्हणाल्या, "आता पेटवलीच आहे तर माझ्याभोवतीही एकदा फिरवून टाक."

धुरीचा गुण आला नाही. उलट दुसऱ्याच दिवशी कळस झाला. पट्ट्याचं पुढचं टोक कॉम्प्युटरने गोंधळून हळू केलं, मागून भट्टी नान लोटतच होती. नानावर नान चढला, ढीग डळमळला आणि भरभर जमिनीवर कोसळला.

जमिनीवर नान! दुसरीकडे कुठे असं झालं असतं तर कोणी झाडू आणला असता. इथे सगळे हातातलं टाकून धावले. एकेक नान उचलायचा, ओठांना लावायचा, कपाळाला लावायचा आणि पाय लागणार नाही अशा उंच जागी ठेवायचा. आता त्या दालनात सगळ्यांत उंच जागा कुठली? कोपऱ्यातलं पोलादी कपाट. आणि त्या कपाटात काय? कॉम्प्युटर. त्याची गरम हवा बाहेर जायला कपाटाच्या डोक्यावर भोकं ठेवलेली होती. त्या भोकांवर बघता बघता नानांचा घुमट उभा राहिला. थोड्या वेळात कॉम्प्युटर गुदमरला, त्याला घेरी आली, आणि अख्खं यंत्र दिव्यांसकट बंद पडलं.

गडबड ऐकून कोबिलजान वरच्या खोलीतून खाली आला. समोर बंद पडलेलं यंत्र, भोवती खाली मान घालून उभी माणसं. तो बोलायला तोंड उघडणार, एवढ्यात त्याच्या पायाशी एक राहिलेला नान दिसला. त्याने तो उचलला, कपाळाला लावला, टाचा उंचावून कपाटावर ठेवला आणि मग ओरडायला सुरुवात केली.

त्याने त्या दिवशी दोन फोन केले. एक कंपनीला आणि एक ताश्कंदला. दुसरा ओपांनी दाराआडून ऐकला.

कंपनीचा माणूस आला, त्याचं नाव रैनर. शहामृगासारखा उंच, मोडकंतोडकं रशियन बोलणारा, आणि मांस भरलेले सोमसे खाण्याच्या बाबतीत आपल्यातलाच. त्याने तारा बघितल्या, सेन्सर बघितले, वीज तपासली. सगळं ठीक होतं. त्याने डोकं खाजवलं आणि कॉम्प्युटरला शिकायला बसवलं. म्हणजे असं, की भट्टी एका ठरावीक आचेवर ठेवायची, कॅमेऱ्याने काही थांबवायचं नाही, काही ठरवायचं नाही. काही आठवडे नुसतं बघायचं. इथे रोज काय घडतं ते मनात टिपून घ्यायचं, आणि पुढे जे रोजचं तेच बरोबर असं धरून चालायचं. हल्लीची यंत्रं अशीच घडवतात, तो म्हणाला. नियम शिकवत नाहीत, सवय लावतात.

"नव्या सुनेसारखं," ओपा म्हणाल्या. "पहिला महिना नुसतं बघायचं."

रैनरला ते फार पटलं.

ते आठवडे सुखाचे गेले. यंत्र एकदाही थांबलं नाही. नान एकसारखे, फुगलेले, वासाने फाटकावरचं कुत्रंसुद्धा माणसाळलेलं. ओपांनी किटल्या सोडून दिल्या आणि हलवा वाटला. रैनरला त्यांनी घरी पुलाव खायला नेलं. तिथे नफीसाने त्याच्याही पाठीला उशी लावली. रोज चहाला जातायेता ओपा पट्ट्यापाशी थबकत आणि यंत्राकडे मायेने बघत.

परीक्षेच्या आदल्या दिवशी कोबिलच्या खोलीत चहा चालला होता. रैनर म्हणाला की कॅमेरा काय शिकला ते तुम्हाला गंमत म्हणून दाखवतो, आणि त्याने पडद्यावर चित्रं लावली. पट्टा दिसला. पालथ्या नानांची रांग दिसली. मग चित्राच्या कडेने एक हात आत आला, त्याने एक नान उताणा केला आणि गेला. मग दुसरा हात. मग तिसरा.

कोबिलने पियाली खाली ठेवली.

"हा कोणाचा?" कोबिलने करड्या आवाजात विचारलं. बाहीवर पितळी बटण होतं. कारखान्यात तसं बटण एकाचंच होतं, एर्गाश आकांचं. पुढच्या हाताला ओला रबरी मोजा होता, म्हणजे हमरो खाला. ओपांचा संताप शिगेला पोहोचला. एवढं व्याख्यान देऊन, एवढं समजावून, असं! त्या उठून उभ्याच राहिल्या. एकेकाचं नाव घेऊन दाखवीन म्हणाल्या. पुढच्या चित्रात जाडजूड सोन्याची अंगठी घातलेला हात आला. कोबिलने आपला हात टेबलाखाली घेतला आणि घसा साफ केला.

त्यानंतर एक हात आला तो पुन्हा पुन्हा येतच राहिला. सकाळी आला, दुपारी आला. इतरांपेक्षा कितीतरी जास्त वेळा आला. गव्हाळ, सुरकुतलेला, करंगळीत फिरोज्याची चांदीची अंगठी. आणि हा हात नान नुसता उताणा करून थांबत नव्हता. वर त्याला एकदा थोपटतही होता.

सगळे ओपांच्या करंगळीकडे बघत होते. ओपाही बघत होत्या, जणू हा हात त्यांच्याकडे कोणीतरी तात्पुरता ठेवायला दिला होता.

"मी?" त्या म्हणाल्या. "छे."

तेवढ्यात पडद्यावर अंगठीवाल्या हाताने आणखी एक नान थोपटला.

रैनर पोट धरून हसत होता. ओपांना हसू येत नव्हतं. उद्या परीक्षा, आणि त्यांना पडद्यावर उशी दिसत होती. रैनरला काही न सांगता त्यांनी संध्याकाळी सगळ्यांना अंगणात गोळा केलं. उद्या जो नानाला हात लावील, त्याची किटली कायमची जप्त! आधी मी शपथ घेते, म्हणाल्या, मग तुम्ही घ्या. सगळ्यांनी घेतली. एर्गाश आकांनी तर दोन्ही हातांची वेगवेगळी घेतली.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात असा शिस्तीचा दिवस उगवला की विचारू नका. एर्गाश आका दोन्ही हात खिशात घालून, तोंड भिंतीकडे करून, खेकड्यासारखे आडवे चालत होते. हमरो खालांनी दोन्ही हातांत एकेक भरलेली बादली धरली होती आणि ती खाली ठेवायला त्या तयार नव्हत्या. कोबिलने हात पाठीमागे बांधले होते. ओपा खुर्चीत आपल्या दोन्ही तळहातांवर बसल्या होत्या. समोरून नानांची रांग चालली होती, एकूण एक पालथे, तोंडं खाली घातलेले, आणि कोणी त्यांना विचारत नव्हतं. तरी ओपा हलल्या नाहीत.

भट्टी सुरेख चालली होती. रैनर समाधानाने मान हलवत होता.

आणि लाल दिवा लागला. पट्टा थांबला.

रैनर धावत पडद्यापाशी गेला. नान उत्तम होते. आच उत्तम होती. कॉम्प्युटरची तक्रार एकच होती, की नेहमी घडतं ते घडत नाहीये. रैनरने पुन्हा वाचलं, मग वळून सगळ्यांकडे बघितलं. खिशातले हात, बादल्या धरलेले हात, पाठीमागचे हात.

"तुम्ही काय केलंत?" त्याने विचारलं.

"काहीच नाही," ओपा म्हणाल्या.

"म्हणूनच," रैनर म्हणाला.

मग त्याने खुर्ची ओढून समजावून सांगितलं. इतके आठवडे कॅमेऱ्याने हेच पाहिलं की नान पालथे येतात आणि अधूनमधून एक हात येऊन एखादा उताणा करून जातो. त्याच्या हिशेबी नान करायची रीतच ती. आज हात आला नाही. त्याला वाटलं, कारखान्यात काहीतरी भयंकर झालंय. पुन्हा शिकवायचं तर पुन्हा तितकेच आठवडे, आणि रैनरला परवा परत जायचं होतं.

"आणि पुन्हा शिकवताना," ओपांनी विचारलं, "इतके आठवडे कोणी हात लावणार नाही?"

सगळे आपापल्या हातांकडे बघू लागले. कोबिलने एक उसासा टाकला आणि खिशातून फोन काढला. ताश्कंदचा नंबर ओपांना पाठ झाला होता. त्या खुर्चीतून उठल्या. तळहातांवर खुर्चीच्या वेताची जाळी उमटली होती. त्या पट्ट्यापाशी गेल्या, रैनरला यंत्र चालू करायची खूण केली, समोरून येणारा पहिला नान उचलून उताणा केला आणि सवयीने थोपटला.

दिवा हिरवा झाला.

पट्टा चालू लागला. थोड्या वेळाने दिवा पिवळा होऊन कुरकुरला, ओपांनी आणखी एक नान वळवला, तो निवला. कोबिलने फोन खिशात ठेवला. पाळी पुन्हा पहिल्यापासून मोजली, आणि दिवस मावळेपर्यंत यंत्र न थांबता चाललं. हात खिशातून निघाल्याबरोबर एर्गाश आकांनी जाताजाता दोन वळवले, खालांनी बादल्या ठेवून तीन. एवढा सुटकेचा निःश्वास त्या दालनाने आधी कधी ऐकला नसेल. रैनरने समाधानाने सही केली. निघताना पट्ट्याजवळून गेला, तेव्हा त्याचाही हात गेला की नाही, यावर अजून दुमत आहे.

ओपा प्रमुख झाल्या. यंत्राला त्यांच्याशिवाय करमत नाही, हे आता कंपनीनेच मान्य केलं होतं, तेव्हा ताश्कंदच्या पोराचा प्रश्नच मिटला.

फक्त एक अडचण राहिली. हल्ली अंदिजानहून, फरगानाहून लोक हे यंत्र बघायला येतात, आणि कोबिल त्यांना छाती फुगवून सांगतो की बघा, सगळं आपोआप! त्यांच्यासमोर प्रमुखबाईंनी उभं राहून नान वळवणं शोभत नाही. म्हणून पाहुणे आले की ओपा हातात पियाली घेऊन, सहज चहाला निघाल्यासारख्या पट्ट्याजवळून जातात, आणि थोड्या वेळाने चहा पिऊन परतल्यासारख्या येतात. मग पुन्हा निघतात. चहा खरोखरच प्यावा लागतो, कारण रिकामी पियाली पाहुण्यांना दिसते.

परवा नमनगानचे एक कारखानदार सकाळपासून संध्याकाळपर्यंत यंत्र न्याहाळत बसले होते. जाताना त्यांनी कोबिलला बाजूला घेतलं.

"यंत्र लाजवाब आहे," ते हळूच म्हणाले, "पण त्या म्हाताऱ्या बाईंना एखाद्या चांगल्या डॉक्टरांना दाखवा. इतकी तहान बरी नव्हे."